डहाणूला जमले, ते चंद्रपूरला का नाही?

महोदय,

औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून गंधक काढून घेणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्याच्या सक्तीतून केंद्र सरकारने ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक संचांना मोकळे केले. मूळ नियम ७ डिसेंबर २०१५ चा. तो दोन वर्षांत पाळायचा होता. मुदतीमागून मुदत वाढत गेली आणि दहाव्या वर्षी नियमच बहुतेकांपुरता संपला. अधिसूचनेने केंद्रांचे तीन गट केले आहेत, त्यांतल्या मधल्या 'ब' गटात चंद्रपूर मोडते. म्हणजे इथे एफजीडी हवी की नको, हे तज्ज्ञ समिती केंद्रागणिक ठरवणार. २,९२० मेगावॉटचे केंद्र, भोवती कोळसा खाणी, आणि शहराचे नाव हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांत. इतके असताना आणखी काय तपासायचे राहिले आहे?

सूट देताना सांगितले जाते की भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आतच असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण अर्ध्या. आपल्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के आणि उष्णता कमी, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो. शिवाय चिमणीतून निघालेला हा वायू वायूच राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात, ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि थेट फुप्फुसात उतरतात. मोजणी फक्त वायूची केली तर आकडा चांगलाच दिसणार. उंच चिमणीने धूर नाहीसा होत नाही, दुसऱ्या गावाच्या वाट्याला जातो.

हे काम परदेशातच होते असेही नाही. आपल्याच राज्यात डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्रात २००७ मध्ये एफजीडी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, आणि ते या एका मागणीवर अडून बसले. तिथे चिकूच्या बागा वाचवायच्या होत्या, त्या वाचवायलाच हव्या होत्या. मग चंद्रपूरच्या केंद्राजवळच्या दुर्गापूर, ऊर्जानगर, तुकूममधली माणसे कमी मोलाची कशी?

धुरातले गंधक धरायला डहाणूला समुद्राचे पाणी वापरता आले, चंद्रपूरला चुनखडी लागेल. चुनखडीसाठी आणखी खाणी खोदाव्या लागतील, असाही आक्षेप घेतला जातो. पण कोरपना-राजुऱ्याच्या पट्ट्यात सिमेंटसाठी ती आजच मोठ्या प्रमाणावर निघते, आणि एफजीडीतून तयार होणारा जिप्सम सिमेंट कारखान्यांना लागतोच. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुसचे कारखाने याच जिल्ह्यात आहेत. कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही दाराशी असलेली अशी जागा देशात फार थोडी असेल.

सगळ्याच संचांवर खर्च करा, असे माझे म्हणणे नाही. ३ आणि ४ क्रमांकाचे २१० मेगावॉटचे संच १९८० च्या दशकातले आहेत. त्यांना नवी यंत्रणा लावण्यापेक्षा ते बंद करणेच शहाणपणाचे. ८ आणि ९ हे ५०० मेगावॉटचे संच मात्र अजून बरीच वर्षे चालणार आहेत. एफजीडीची सुरुवात तिथून व्हावी, पुढे ५, ६ आणि ७. २००४ पूर्वीच्या संचांना धुळीची मर्यादा आजही घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम आहे, २००४ ते २०१६ मधल्यांना, म्हणजे इथल्या ८ आणि ९ ला, ५०. एकाच आवारातल्या, एकाच वस्तीवर धूर सोडणाऱ्या चिमण्यांना दोन मापे का? जुन्या संचांतली राख धरून ठेवणारी यंत्रे सुधारून तिथेही ५० चीच मर्यादा लावावी.

यंत्रणेमुळे वीज थोडी महागेल, हे मान्य. इथली वीज साऱ्या राज्याला जाते, तेव्हा तो भार राज्यभर वाटला जाणे रास्त आहे. आज तो खोकल्याच्या औषधांच्या रूपाने एकट्या चंद्रपूरकरांच्या खिशातून जातो.

हे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीने आणि राज्य सरकारने तज्ज्ञ समितीपुढे सूट मागू नये, संचवार तारखा जाहीर कराव्यात. आणि प्रत्येक चिमणीवरच्या मापकाचे रोजचे आकडे शहरातल्या चौकात, मराठीत, सर्वांना वाचता येतील असे लावावेत.

– एक वाचक, तुकूम, चंद्रपूर