२५ आणि १९ या आकड्यांवर निवाडा नको

महोदय,

जो लुई आणि महंमद अली यांत सर्वकालीन श्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, यावर आपल्या पुरवणीत लेख आला. लुईने हेवीवेटचे विजेतेपद २५ वेळा राखले, अलीने दोन कारकिर्दी मिळून १९ वेळा, म्हणून लुई थोर, असा त्यातला निवाडा. सोलापूरच्या कुठल्याही तालमीत हा निवाडा टिकणार नाही. पैलवानाने किती कुस्त्या मारल्या हे इथे नंतर विचारतात. आधी विचारतात, जोड कोण होती?

डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत लुईने सात वेळा विजेतेपद पणाला लावले. समोरचे बहुतेक लिंबूटिंबू होते. सातवा बिली कॉन मात्र जातिवंत. जवळपास २५ पौंडांनी हलका असूनही बारा फेऱ्यांअखेर तो गुणांवर पुढे होता. तेराव्या फेरीत लुईला आडवा करायच्या मोहाने तो अंगावर गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना बाद झाला. अलीच्या वाट्याला आलेली नावे पाहा: लिस्टन, पॅटरसन, फ्रेझियर, नॉर्टन, फोरमन. यातला फोरमन १९७४ साली किन्शासात उतरला तेव्हा ४० लढतींत अजिंक्य होता आणि त्यातल्या ३७ त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या. ३२ वर्षांच्या अलीने त्याला आठव्या फेरीत पाडले. आमच्या मते थोरवीचे पारडे इथेच अलीच्या बाजूला झुकते.

सैन्यभरती नाकारल्यावर आलेल्या बंदीमुळे अलीची २५ ते २८ या वयातली साडेतीन वर्षे गेली, हे लेखात आले आहे. पण लुईचे काय? मार्च १९४२ नंतर थेट जून १९४६ मध्ये त्याने विजेतेपदाची लढत दिली. मधला बहुतेक काळ सैन्यात गेला आणि रिंगणात परतला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. एकाचा तोटा मोजायचा आणि दुसऱ्याचा सोडून द्यायचा, हा हिशेब बरोबर नाही.

कसबाचा विचार केला तर मात्र लुईला मुजरा करावा लागतो. १९३६ साली मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले, त्याचे मोठे कारण एक खोड होती. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर लुईचा डावा हात सरळ गालाशी न येता खाली पडून परत यायचा. त्या क्षणी डावा गाल उघडा पडतो आणि समोरच्याचा उजवा ठोसा त्या हातावरून आत येतो. श्मेलिंगने हे आधीच हेरले होते. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, हेच दोघे पुन्हा भिडले आणि लुईने १२४ सेकंदांत लढत संपवली. ज्या चुकीने हरला, ती त्याला पुन्हा भोवली नाही.

अलीची खोड कायम राहिली. हात कमरेशी आणि ठोसा आला की डोके सरळ मागे. सरळ ठोसा त्याने चुकतो. डावा हूक कमानीत फिरत येतो, तो मागे गेलेल्या हनुवटीलाही गाठतो. १९६३ मध्ये हेन्री कूपरने चौथ्या फेरीत आणि १९७१ मध्ये फ्रेझियरने पंधराव्या फेरीत अलीला पाडले ते याच हूकने. पंचविशीपर्यंत पायांच्या चपळाईने ही खोड झाकली. बंदीनंतर पाय मंदावले आणि ठोसे अंगावर बसू लागले.

दोघे ऐन भरात समोरासमोर आले असते तर? १९६६-६७ चा अली पंधरा फेऱ्यांत गुणांवर जिंकला असता, असे आम्हाला वाटते. सतत हलणाऱ्याशी लुईचे जमत नसे. कॉनने ते दाखवलेच, १९४७ मध्ये वॉलकॉटने तर त्याला दोनदा खाली पाडले. पण अली रिंगणाच्या दोराला टेकून उभा राहिला असता, तर ठोसे अंगावर झेलून फोरमनला दमवण्याची किन्शासाची युक्ती चालली नसती. फोरमनचे ठोसे लांबून, वळसा घेऊन यायचे आणि दंडांवर अडायचे. लुईचा ठोसा वीतभर अंतरातून, दोन कोपरांच्या फटीतून आत शिरायचा.

हे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या शहरातली पोरे मोबाईलवर अली पाहतात आणि हात खाली सोडून खेळतात. तीन फेऱ्यांच्या हौशी लढतीत पाय थकण्याआधीच त्याची शिक्षा मिळते. त्यांना लुई दाखवा. सरावही सोपा आहे: जोडीदारासमोर तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत फक्त जॅब मारायचा. हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत गालाशी परत आला नाही, तर जोडीदाराने उजवा ग्लोव्ह हलकेच गालावर टेकवायचा. पहिल्या फेरीत तो किती वेळा टेकला ते मोजून ठेवावे. दमल्यावर, तिसऱ्या फेरीत, हा आकडा वाढतो. हात खरा तिथेच पडतो, म्हणून सराव दमलेल्या अवस्थेतही झालाच पाहिजे.

आपल्याला एक विनंती. यापुढे असा तक्ता छापताना विजयांच्या आकड्याशेजारी प्रतिस्पर्ध्याचे नाव, लढतीच्या दिवशीचे त्याचे वजन आणि वय असे तीन रकाने जरूर द्यावेत.

आपले,
दोन मुष्टियुद्ध प्रशिक्षक, सोलापूर