सुन्यास, झोपाळ्याच्या फळीबद्दल

प्रिय सुन्या,

व्हॉट्सअॅपवर नुसते अंगठे दाखवून तू नि मी दोघं सुटलोय, म्हणून आज लांबलचक टायपतोय. तब्येत ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच.

खानापूरचं घर उतरवलं. भांडी, कपाटं, दारं ज्यानं त्यानं नेली, झोपाळ्याची फळी तेवढी माझ्याकडं आली, कारण कुणाच्याच फ्लॅटच्या स्लॅबला कड्या नाहीत. तीच रे, जिच्यावर बसून गिटारच्या बोर्डाला लाकूड कुठलं यावर तू दुपारभर "मेपल म्हणजे मेपल" करत होतास आणि आजी म्हणाली होती, मारामारी करायची तर खाली उतरा. अस्सल शिसवी. अनगोळच्या सुतारमामांनी कोपऱ्यावर रंधा मारला तर काळ्या मळाखाली जांभळट तपकिरी रेषा निघाल्या नि गोडसर वास सुटला. माझ्या टेलीच्या, म्हणजे टेलीकास्टर गिटारच्या, नेकवर (मानेवर) दुसरा बोर्ड, बोटं फिरतात ती पट्टी, चढवायचा नाही, तिथंच ठरलं.

तू बॅगेतून मेपल आणतो म्हणालास, तुमच्या कॅनडाच्या झेंड्यावरच त्याचं पान आहे म्हणा. पण मेपलला लॅकर लागतं, ते घासलं की बोर्ड मळकट दिसतो, आणि माझ्या हाताचा घाम तुला माहितीय. फेंडर कंपनीनंसुद्धा 1958 ला जॅझमास्टर गिटारवर रोजवूड, शिसवाचंच भावंड, लावलंच की! आवाजाचं म्हणशील तर इलेक्ट्रिकमध्ये पिकअप (तारांची थरथर टिपतो तो) नि अँपच जास्त बोलतात, बोर्ड कळतो तो बोटांना. भांड आता. एबनीच्या काळ्या लाकडाचाही विचार केला, पण ते कोरड्या हवेत चिरतं, आणि हितं जुलैत दारं फुगतात, एप्रिलात आकसतात. बोर्ड आकसला की फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं कडेला बाहेर येऊन बोटं ओरबाडतात. ही फळी आमच्या जन्माआधीपासून सुकतेय, ती काय हलणार. नवं शिसव घ्यायचं तर दांडेली डेपोचा लिलाव, फॉरेस्टचे कागद, आणि तिथं अख्खा ओंडका, मला वीस इंच कोण देणार?

घोडं अडलंय कापण्यावर. बाबा म्हणतात देव्हारा कर, आई म्हणते राहू दे भिंतीला टेकून, आणि फळी फुकट सोडलेला काका आता फोन करून शिसवीचा भाव विचारतोय. मामांचं मत, मधलं नको, कडेचं घे, तिथं रेषा उभ्या आहेत, बोर्ड वाकडा होत नाही. पुढच्या कडेला चीर गेलीय. राहिली मागची, तिथनं तीन इंचाची पट्टी काढली तर नवी भोकं पाडून झोपाळा परत टांगता येतो. आणि बरोब्बर तिथंच तू खिळ्यानं बँडचं नाव कोरलंयस, स्पेलिंग चुकवून.

दीड इंच जाडीत तीन बोर्ड सहज निघतील. खालचा माझा. वरचा, नावाचा, रंध्याखाली घालायचा की तसाच ठेवायचा? पोस्टानं मागू नको बे, 2019 च्या नोव्हेंबरात सायटिसनं (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा जागतिक करार) तयार वाद्यांना सूट दिली, कच्च्या शिसवीला नाही. हितं येऊन गिटारला बसवून घेऊन जा. मामा गणपतीला गावी जायच्या आत कळव, ते गेले की महिनाभर परत येत नाहीत.

वहिनींची नोकरी लागली का? पोरगी मराठी बोलते की नुसतं समजतं? कुंदा पाठव म्हणू नको, वाटेत आंबतो.

तुझा,
बाळ्या