मरणाच्या नोंदी तपासणारी पत्रकार

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकी पत्रकार कॅथरीन बू आणि मुंबईतल्या झोपडपट्टीवरचं त्यांचं ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स’ हे पुस्तक, यांचा विषय निघाला की मुंबईत एकच वाद होतो, परदेशी बाईने आपली झोपडपट्टी जगापुढे मांडावी का? त्यांनी काम कसं केलं, हे फारसं कोणी विचारत नाही.

१९९९ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यांनी मतिमंदांच्या निवासगृहांवर लेखमाला लिहिली. तिथले मृत्यू चौकशीविना फायलीत जात होते. त्या कामासाठी २००० मध्ये ‘पोस्ट’ला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात बू मुंबई विमानतळालगतच्या अण्णावाडी या झोपडपट्टीत पुस्तकासाठी काम करत होत्या. माझ्या मते प्रश्न तोच होता : गरीब माणूस मेला की कागदावर काय चढतं?

आपली भाषा येत नसल्याने मृण्मयी रानडे, उन्नती त्रिपाठी अशा दुभाष्या सोबत असत. वस्तीतल्या मुलांच्या हातीही त्यांनी छोटे व्हिडिओ कॅमेरे दिले. एका बाईच्या जळण्याच्या प्रकरणात त्या १६८ जणांशी पुन्हापुन्हा बोलल्या. दाखल करताना ती ३५ टक्के भाजल्याची नोंद होती. मृत्यूनंतर त्याच कागदांवर ९५ टक्के झाली. विमानतळाजवळ मारल्या गेलेल्या एका पोराचा मृत्यू क्षयाने झाल्याचं दाखवलं गेलं. हे उघड झालं ते तीन हजारांहून अधिक सरकारी कागदांमुळे, आणि त्यातले बरेच माहिती अधिकारात वर्षानुवर्षं पाठपुरावा करून मिळवलेले होते.

हा अधिकार आपल्या वार्ताहरांनाही आहे. शुल्क दहा रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. अर्ज फसतो तो बहुधा ‘असं का झालं?’ असं विचारल्यामुळे. कागदाचं नाव घालून मागावं : अमुक तारखेच्या स्टेशन डायरीतल्या नोंदीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. ‘तपास सुरू आहे’ एवढ्यावर नकार आला तर मागे हटू नये. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे नकार देणाऱ्या अधिकाऱ्याने दाखवायचं असतं. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं. इथेच बहुतेक जण सोडून देतात.

आपल्या दैनिकाने एका वार्ताहराला एकच वस्ती वर्षभर द्यावी, रोजच्या बातमीच्या कोट्यातून मोकळं करून. सुरुवात त्या वस्तीच्या पोलीस ठाण्यातल्या गेल्या वर्षीच्या अकस्मात मृत्यूंच्या नोंदींपासून करता येईल.

— एक वाचक, अंधेरी (पूर्व), मुंबई