रविवारी श्वासाची तपासणी, जळगाव

जिनिंग आणि दाल मिलमधल्या सर्व सभासदांनो,

येत्या रविवारी सकाळी ८ ते १२, पतपेढीच्या हॉलमध्ये या. सुई नाही, रक्त नाही. नळीत छाती रिकामी होईपर्यंत जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली, त्यावरून श्वासनलिका आखडल्यात का ते कळतं. दुसऱ्या यंत्रात संथ फुंकर. फुंकरीत नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त आला तर श्वासनलिकांच्या आत सूज असू शकते. कापसाची धूळ रोज छातीत जाते, म्हणून खोकला नसला तरी या.

- तासभर आधी विडी, चहा, खाणं बंद.
- इनहेलर सोबत आणा, मनाने थांबवू नका.
- नुकताच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा.

चुलीवर कळण्याच्या भाकरी करणाऱ्या माय-बहिणींनाही आणाच. तो धूरही फुफ्फुसातच जातो.

– सचिव