रविवारच्या लांब पल्ल्याआधी नाडी मोजा

सोलापूरच्या कंबर तलावावर धावायला येण्याआधी, अंथरुणातच, प्रत्येकाने मनगटाची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी. ठोके ४५-५० आले आणि त्रास काही नसेल तर घाबरू नका. मुरलेल्या धावपटूंत ते नेहमीचेच. लय तुटक, वेडीवाकडी लागली तर मात्र धावू नका. लगेच ईसीजी काढा. लय पूर्ववत झाल्यावर काढलेला बऱ्याचदा नॉर्मल येतो. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीत, जास्त वेळा शर्यत पूर्ण केलेल्यांत लयबिघाड जास्त आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हे त्याचे एक कारण. चाळिशीपुढच्यांनी हे मनावर घ्याच. ताप असताना सराव नाही, म्हणजे नाहीच. धावताना कोणी शुद्ध हरपून पडले तर ‘सोलापूरचं ऊन’ म्हणून सोडू नका: १०८ ला फोन करा, आणि हृदयरोगतज्ज्ञाने तपासेपर्यंत त्याचे धावणे बंद.