हौशी विजेत्याचा विसर नको

गोल्फच्या बातम्यांत इंडियन ओपनचा इतिहास अनेकदा भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर यांच्या १९९१ च्या विजयापासून सांगितला जातो. ते यश मोठेच, पण त्याआधी २६ वर्षे, १९६५ मध्ये, पी. जी. तथा बिल्लू सेठी यांनी ही स्पर्धा जिंकली होती. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि तेही हौशी खेळाडू! आदल्याच वर्षी पहिली स्पर्धा ऑस्ट्रेलियाचे नामवंत व्यावसायिक पीटर थॉमसन यांनी जिंकली होती, यावरून समोरच्यांचा दर्जा कळावा.

सेठी जिंकले ते मैदान होते रॉयल कलकत्ता. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. तिथली जमीन सपाट, म्हणून सोपी वाटते. खरी परीक्षा घेतात ती जागोजागची तळी. सपाटीमुळे टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, पाणी नीट दिसतही नाही. अंतराचा अंदाज जरा चुकला की चेंडू गेलाच! अशा ठिकाणी चार फेऱ्या डोके शांत ठेवून व्यावसायिकांना मागे टाकणे मला थोर वाटते. हौशी असल्याने बक्षिसाच्या रकमेवरही त्यांचा हक्क नव्हता.

आपल्या क्रीडा पानावर सेठी यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक गोल्फप्रेमी वाचक, पुणे