रॉकेट पाहायला एकत्र जाऊ या

गावखडी, ता. जि. रत्नागिरी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन घर पुन्हा शांत झाले आहे, म्हणून बरेच दिवस मनात असलेली गोष्ट आज सविस्तर लिहायला बसलो आहे. येत्या हिवाळ्यात आपली दोन्ही कुटुंबे घेऊन श्रीहरिकोट्याला रॉकेटचे उड्डाण पाहायला जावे, असे मी ठरवतो आहे. तुझ्याशिवाय ही सहल मला करायची नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात कधी शिरले ते आधी सांगतो. १५ जुलै २०१९ च्या पहाटे दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी चांद्रयान-२ निघणार होते. बाहेर पाऊस कोसळत होता, दिवे सारखे जात-येत होते, आणि पहिलीत असलेली माझी मुलगी गोधडी पांघरून टीव्हीसमोर जागी बसली होती. छप्पन्न मिनिटे उरली असताना तांत्रिक बिघाडामुळे उलटी मोजणी थांबवण्यात आली. तिने मला एवढेच विचारले, "मग आता ते खाली उतरून घरी जाणार का?" यानात माणसेच नाहीत, हे सांगेपर्यंत तिचा डोळा लागला होता. आठवड्याने, २२ जुलैला भरदुपारी यान गेले तेव्हा ती शाळेत होती. २०२३ च्या १४ जुलैला चांद्रयान-३ गेले, तेही दुपारी दोन पस्तीसला, शाळेच्याच वेळेत. आता ती आठवीत आहे आणि "बाबा, एकदा तरी डोळ्यांनी" हे तिचे पालुपद झाले आहे.

मागच्या महिन्यात पुळणीवर फिरताना तिने मला चांगलेच पेचात पकडले. "आपल्याकडे एवढा समुद्र आहे, मग रॉकेट इथूनच का सोडत नाहीत?" मी वाळूत गोल काढला आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे कशी फिरते ते दाखवले. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर जमीनच सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते आणि पूर्वेला सुटणाऱ्या रॉकेटला तेवढा वेग आयता मिळतो. तिथे पूर्वेला बंगालचा उपसागर असल्यामुळे जळून गेलेले टप्पे पाण्यात पडतात. आपल्याकडून पूर्वेला सोडले तर ते सह्याद्री ओलांडून अख्ख्या देशाच्या डोक्यावरून जाईल आणि पश्चिमेला सोडले तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा तोट्यात जाईल. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पण थुंबा तर आपल्याच अरबी समुद्रावर आहे!" खरेच आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातले पहिले रॉकेट केरळातल्या थुंब्याहून उडाले. मात्र ते वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारे छोटे रॉकेट होते. वर जायचे आणि समुद्रात पडायचे, पृथ्वीभोवती फिरायचे नाही. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते ती रेषा, तिथून जवळून जाते म्हणून ती जागा निवडली होती. हे ऐकल्यावर तिचे समाधान झाले आणि मला मात्र वाटले, की जे पोर इतका बारीक प्रश्न विचारते त्याला नुसत्या वाळूतल्या रेघोट्यांवर ठेवू नये.

आई म्हणते, दोन मिनिटांच्या तमाशासाठी इतक्या लांब कशाला जायचे? रॉकेट डोळ्यांना दिसते ते साधारण तेवढाच वेळ, हे तिचे म्हणणे बरोबर आहे; इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा दोन मिनिटांच्या आतच जळून संपतो. मी तिला शेजारच्या तांडेलाकडे बोट दाखवले. मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना त्याला मोबाईलवर येते. ती हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून आणि रंगावरून तयार करते. ओशनसॅट मालिकेतला तिसरा उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहूनच गेला. ज्या जागेचा आपल्या बंदरातल्या होड्यांशी असा संबंध आहे, ती जागा आपल्या पोरांनी पाहिलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य अडचण. उड्डाणाची नक्की तारीख बऱ्याचदा थोडेच आठवडे आधी कळते आणि रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. शिवाय जाहीर झालेली तारीखही पुढे जाऊ शकते. मंगळयान २८ ऑक्टोबर २०१३ ला जायचे होते. त्याचा माग घेणाऱ्या जहाजाला प्रशांत महासागरातल्या खराब हवामानामुळे पोहोचायला उशीर झाला आणि उड्डाण ५ नोव्हेंबरला झाले. म्हणून मी असे योजले आहे, की ज्या गोष्टी ठरल्या दिवशीच कराव्या लागतात त्या उड्डाणाच्या आधी उरकायच्या आणि ज्या कधीही करता येतील त्या नंतरसाठी मोकळ्या ठेवायच्या. तिरुमलाच्या दर्शनाचे तीनशे रुपयांचे तिकीट आगाऊ काढावे लागते, म्हणून बालाजी आधी; आईही त्यामुळे राजी होईल. उड्डाण दोन-तीन दिवस लांबले तर मधल्या काळात चेन्नई आणि महाबलीपुरम. परतीचे आरक्षण उड्डाणानंतर पाच दिवसांनी करू. तारीख फारच पुढे गेली तर तिकिटे रद्द करण्याचा भुर्दंड सोसायची माझी तयारी आहे. परतीच्या गाडीकडे डोळे लावून तिथे उभे राहणे मला नको आहे.

दिवाळीची सुट्टी मुलांना सोयीची असली तरी त्या दिवसांत तिकडे परतीचा मान्सून असतो, वादळेही येतात. मे महिन्यात मी आंबा सोडून हलू शकत नाही. उरतो जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी. मोहोरावरची एक फवारणी भावाच्या गळ्यात घालीन. शाळा बुडेल, पण त्याचे मला काही वाटत नाही.

मार्ग सरळ आहे. आम्ही एसटीने आंबा घाटातून कोल्हापूरला तुझ्याकडे येऊ आणि तिथून हरिप्रिया एक्स्प्रेसने सगळे मिळून तिरुपती गाठू. तिथून गाडी करून श्रीकालहस्तीवरून श्रीहरिकोट्याजवळचे सुल्लुरुपेटा. उड्डाण पाहण्यासाठी २०१९ पासून सुमारे पाच हजार माणसांची प्रेक्षक गॅलरी खुली झाली आहे. तिची नावनोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर करावी लागते. ती आधीपासून करता येत नाही आणि सुरू झाली की जागा भराभर भरतात. हे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. तुमच्या सगळ्यांच्या ओळखपत्रांचे तपशील तिला कळव. सुल्लुरुपेट्याहून श्रीहरिकोट्याच्या बेटावर जाणारा रस्ता पुलिकत सरोवराच्या पाण्यातून जातो. चिलिकाखालोखाल हे आपल्या देशातले सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे सरोवर, आणि त्या दिवसांत तिथे रोहित पक्षी उतरलेले असतात. तुझ्या मुलाला पक्ष्यांचे वेड आहे, तेव्हा जवळच्या नेलपट्टू पक्षी अभयारण्यात घरट्यांवरचे पेलिकनही त्याला दाखवू.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती आवाजाची. लहानपणी पडवीत बसून वीज चमकली की आपण आकडे मोजायचो आणि गडगडाट किती मोजल्यावर आला त्यावरून वीज किती लांब पडली ते ठरवायचो, आठवते ना? तिथेही तसेच होणार. ज्वाळा आधी दिसेल, रॉकेट निःशब्दपणे वर चढू लागेल, आणि दर किलोमीटरला तीन सेकंद या हिशेबाने आवाज मागाहून येऊन छातीवर आदळेल. आपण दोघांनी पोरांना मधे घेऊन तसेच मोठ्याने आकडे मोजायचे, असे मी मनाशी ठरवून ठेवले आहे.

तुझ्या उसाला तोड केव्हा मिळेल याचा अंदाज कारखान्यावर विचारून कळव, म्हणजे जानेवारी की फेब्रुवारी ते पक्के करता येईल. वहिनींना रजा मिळते का तेही विचार. आईला गाडीत खालचा बर्थ लागेल, एवढे आरक्षण करताना लक्षात ठेव. आणि तुझ्या वडिलांची ती पितळी दुर्बीण कपाटातून काढून पाहा. पावसाळ्यात तिच्या भिंगांना बुरशी धरली असेल, तर आत्ताच साफ करून घे.

घरातील थोरांना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र